गॅलिलिओ सर

शेवगावातून कुठल्याही रस्त्यानं बाहेर पडा, देवस्थान लागतंच. नेवाशाला ज्ञानेश्वरांचा पैस खांब, त्याच तालुक्यात शनिशिंगणापूर. पैठणला नाथांची समाधी. पाथर्डीकडे मोहटादेवी आणि मढीचे कानिफनाथ. अशा गावात बसून धर्मपीठाला आव्हान देणाऱ्या शास्त्रज्ञावर ऐतिहासिक नाटक लिहायला माणूस एक तर फार धीट लागतो, नाही तर विज्ञानाचा निवृत्त शिक्षक लागतो. आमचे सर दुसऱ्या जातीतले. त्यांचं खरं नाव पेन्शनच्या कागदांवर आहे. गावात त्यांना ‘गॅलिलिओ सर’ म्हणतात.

खांद्याला रेग्झिनची पिशवी, पिशवीत नाटकाची वही, खिशाला तीन पेनं. निळ्यानं नाटक लिहायचं, लालनं स्वतःच्याच चुका काढायच्या आणि हिरव्यानं गावाच्या हरकती नोंदवायच्या. वही उघडली की आता हिरवळच जास्त दिसते. दर वर्षी हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या नगर केंद्राची तारीख येते, सर म्हणतात, “यंदा नक्की,” आणि तारीख जाते. कुणी खवचटपणे विचारलंच, तर उत्तर तयार असतं, “गॅलिलिओला 1633 साली शिक्षा झाली आणि पोपनं चूक कबूल केली 1992 साली. रोमला 359 वर्षं लागली. शेवगावला जरा दम धरता येत नाही?”

विषय त्यांनी फार धोरणानं निवडला होता. माणूस इटलीचा, पोप रोमचा, भांडण चारशे वर्षांपूर्वीचं. शेवगावात दुखावणार कोण? एकानं सुचवलं, “सर, आपल्या नारळीकरांनी 2008 मध्ये ज्योतिषांची चाचणी घेतली, पत्रिकेवरून हुशार मुलं ओळखायला सांगितली. छापा-काट्याएवढंसुद्धा जमलं नाही. त्यावर लिहा की.” सर म्हणाले, “फार जवळचं आहे. त्यातले ज्योतिषी आपल्याच गल्लीतले वाटायचे.” दुसऱ्यानं दाभोलकरांचं नाव काढलं. त्यावर सर काही बोलले नाहीत. 20 ऑगस्ट 2013 ला दाभोलकरांचा खून झाला, तेव्हापासून ‘भावना’ हा शब्द ते जपून उच्चारतात.

तर गॅलिलिओच ठरला. पण एक गोष्ट सरांच्या ध्यानात आली नाही. गॅलिलिओचं भांडण पोपशी असलं, तरी त्याची दुर्बीण आभाळाकडे होती. आणि आभाळात जे जे आहे, त्याचा शेवगावात एकेक वार आहे, एकेक उपास आहे आणि एकेक भक्तमंडळ आहे.

पहिली ठेच शनीची. 1610 साली गॅलिलिओला शनीच्या दोन्ही बाजूंना कानांसारखं काहीतरी दिसलं. ती कडी होती, पण त्याच्या दुर्बिणीची ताकद तेवढी नव्हती. 1612 मध्ये कड्यांची नेमकी कडाच पृथ्वीकडे आली आणि कान दिसेनासे झाले, तेव्हा तो चक्रावूनच गेला. सरांनी यावर झकास प्रवेश लिहिला. वाचन झालं आणि गॅलिलिओ करणारा मेडिकलवाला उठून उभा राहिला. “सर, शनीला कान फुटले, कान गेले, असलं मी बोलणार नाही. माझी रास मीन. साडेसाती चालूय.”

सरांमधला शिक्षक जागा झाला. फळ्यावर गणित मांडलं. शनीची सूर्याभोवती एक फेरी साडेएकोणतीस वर्षांची. राशी बारा. म्हणजे एका राशीत साधारण अडीच वर्षं. मागची, आपली आणि पुढची अशा तीन राशी धरल्या की साडेसात. “यात कोप कुठं आला? हा नुसता भागाकार आहे.”

मेडिकलवाल्यानं फळा नीट पाहिला. “म्हणजे सर, सायन्सनंसुद्धा साडेसाती खरीच निघाली की!”

त्या दिवसापासून शनिवारची तालीम बंद झाली आणि शनीचा प्रवेश हिरव्या पेनानं आडवा झाला.

मग चंद्र. गॅलिलिओनं चंद्रावर डोंगर आणि खळगे पाहिले. अॅरिस्टॉटलच्या परंपरेत आकाशातलं सगळं गुळगुळीत आणि निर्दोष, म्हणून तिकडे खळबळ माजली. इकडे वेशभूषा बघणाऱ्या काकूंनी सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, “संकष्टीला ज्याला बघून आम्ही उपास सोडतो, त्याला तुम्ही खड्डे पाडणार?” चंद्र रद्द. सूर्यावरचे डाग तर रथसप्तमीच्या आठवड्यातच निघाले.

शुक्राचं प्रकरण मात्र पैशाशी जाऊन भिडलं. शुक्रालाही चंद्रासारख्या कला असतात, हा पुरावा गॅलिलिओच्या बाजूचा मोठा आधार. पण तालमीसाठी फुकट हॉल देणारे आणि नाटकाचे एकमेव देणगीदार हे मंगल कार्यालयाचे मालक. शुक्राचा अस्त म्हणजे मुहूर्त बंद, मुहूर्त बंद म्हणजे हॉल रिकामा. ते हात जोडून म्हणाले, “सर, ऐन लग्नसराईत शुक्राला कमी-जास्त दाखवू नका.”

याच मालकांच्या पायी नाटक एकदा कायमचं बुडायला आलं होतं. त्यांचं एक आवडतं वाक्य आहे: “सायन्स असंल हो, पण वरच्याच्या मनात काय, ते सायन्सला काय कळणार?” सरांनी हेच वाक्य सिंप्लिसिओच्या तोंडी घातलं. सिंप्लिसिओ म्हणजे गॅलिलिओच्या 1632 च्या ‘संवाद’ ग्रंथातलं भोळसट पात्र. गंमत अशी, की आठव्या अर्बन पोपचा लाडका युक्तिवाद जवळजवळ हाच होता, आणि गॅलिलिओनंही तो त्याच पात्राच्या तोंडी घातला होता. पोप एकेकाळचा त्याचा चाहता. तो असा बिथरला, की पुढच्या वर्षी खटला उभा राहिला. सरांनी हा सगळा इतिहास पाठ केलेला होता, तरी त्यांनी तेच केलं. मालकांनी वही घरी नेऊन वाचली आणि दुसऱ्या दिवशी हॉलला कुलूप.

रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाची अडचण नव्हती; अडचण मंगल कार्यालयाची होती. सर मालकांकडे जाऊन बसले, चहा घेतला आणि ते वाक्य सिंप्लिसिओच्या तोंडून काढून खुद्द गॅलिलिओच्या तोंडी घातलं. मालक खूश. “आता शोभतंय. एवढा मोठा माणूस, बोलणंही तसंच पाहिजे.”

पोपचं काम आमच्या आगारातल्या एका कंडक्टरनं केलंय. झगा घातल्यावर तो भारदस्त दिसतो, पण कार्डिनल दाटीवाटीनं उभे राहिले की त्याच्या तोंडून आपोआप “पुढं सरका, पुढं जागा आहे” निघतं. धर्मपीठाचा प्रवेश पाहून एक आजोबा म्हणाले, “हे तर आपलं पैठणच.” ज्ञानेश्वरादी भावंडांना जिच्याकडे शुद्धिपत्र मागावं लागलं, ती धर्मसभा त्यांना आठवली होती. सरांनी हिरवं पेन उघडलं, काहीच न लिहिता ते बंद केलं.

आता राहिलं काय? शनी नाही, चंद्र नाही, सूर्य नाही, शुक्र नाही. दुर्बीण आहे आणि एकटा गुरू आहे. गुरूवर मात्र कुणाचीच हरकत आली नाही. 1610 च्या जानेवारीत गॅलिलिओला गुरूभोवती फिरणारे चार चंद्र दिसले. हा संवाद आला, की देवगडच्या दत्ताला नेमानं जाणारी मंडळी टाळ्या वाजवतात. “गुरूभोवती चार शिष्य फिरणारच. याला म्हणतात शास्त्र!”

खरं तर हा शोधही जुन्या विश्वाच्या मुळावर आला होता. आकाशातलं काहीतरी पृथ्वीला सोडून दुसऱ्याच कुणाभोवती फिरतंय, हे एकदा मान्य केलं, की सगळं पृथ्वीभोवतीच फिरतं हा दावा तिथंच संपतो. शनीचे कान निरुपद्रवी होते. ते गावानं कापले. सुरुंग होता तो गुरूत, आणि त्याला गावानं टाळ्या दिल्या.

सरांना मी हे बोलून दाखवलं. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाले, “हळू बोला. मालक आत आहेत.”

म्हणून सांगतो, या माणसाला भित्रा म्हणू नका. 22 जून 1633 ला गॅलिलिओनं गुडघ्यांवर बसून आपलं मत मागं घेतलं आणि उरलेलं आयुष्य स्थानबद्धतेत काढलं. पण त्यातच 1638 साली त्याचा गतिशास्त्रावरचा ग्रंथ हॉलंडमध्ये छापून आला. सरांनीही एकेक ग्रह मागं घेतलाय आणि नाटक शिल्लक ठेवलंय. यंदा म्हणे नक्की आहे. तेव्हा प्रयोगाला जरूर या. तिकीट नाही, खुर्च्या मंगल कार्यालयाच्या आहेत. फक्त येताना आपापला वार घरी ठेवून या.