चित्र कुणी काढलं?

मराठवाड्यातल्या आमच्या अंबडच्या बाजारात मुलांसाठी पुस्तक मागितलं की दुकानदार आधी इयत्ता विचारतो. "अभ्यासाचं नको हो, गोष्टीचं द्या," म्हटलं की तो नाइलाजानं स्टुलावर चढतो आणि वरच्या फळीवरून इसाप, बिरबल आणि तेनालीराम यांना धूळ झटकत खाली उतरवतो. तिघेही बाप्ये, तिघेही अतिहुशार, आणि तिघांच्याही मागे तात्पर्याचं शेपूट. तात्पर्य नसलेलं पुस्तक घेतलं म्हणजे पैसे पाण्यात गेले, असं आम्हा मोठ्यांना अगदी मनापासून वाटतं.

आमच्या नातीला अजून वाचता येत नाही, त्यामुळे ती पुस्तक फार बारकाईनं वाचते. परवा मी एका चित्रपुस्तकातली गोष्ट भरभर सांगून पान उलटायला गेलो, तर तिनं पानावर हात दाबून धरला. "आबा, थांबा की! आजीची एकच चप्पल हाय. दुसरी कुठंय?" मी चष्मा पुसून पाहिलं. दुसरी चप्पल खाटेखाली होती आणि तिच्यावर मांजर झोपलेलं होतं. गोष्टीत ना चपलेचा उल्लेख, ना मांजराचा. पुढचा अर्धा तास मूळ गोष्ट राहिली बाजूला आणि आम्ही त्या मांजराच्या मागे. तात्पर्य काही हाती लागलं नाही.

अशी मांजरं खाटेखाली झोपवून ठेवणाऱ्यांचं मला भारी कौतुक वाटतं. माधुरी पुरंदरे लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात, त्यामुळे कुठली गोष्ट शब्दांत सांगायची आणि कुठली चित्रात दडवायची याचा निकाल एकाच टेबलावर लागतो. 'राधाचं घर' आणि यशच्या गोष्टींत राक्षस नाहीत की राजपुत्र नाहीत. साध्या घरातली साधी माणसं आहेत. 'चित्रवाचन'मध्ये तर वाचायची ती चित्रंच. 2014 साली साहित्य अकादमीनं त्यांना बालसाहित्य पुरस्कार दिला. त्यांच्या आई निर्मलाताई पुरंदरे यांनी 'वनस्थळी' या संस्थेतून खेड्यापाड्यातल्या बायकांना बालवाडीच्या ताई म्हणून उभं केलं. लेकीच्या पुस्तकांतली मुलं इतकी खरीखुरी का वाटतात, याचं निम्मं उत्तर मला तिथं सापडतं.

बायकांनी मुलांसाठी लिहिणं आपल्याकडे नवं नाही. इंदिरा संतांनी लिहिलं, सरिता पदकींनी लिहिलं, सई परांजप्यांनी तर मुलांसाठी नाटकं लिहिली. 'जोयानाचे रंग' लिहिणाऱ्या कविता महाजन जन्मानं नांदेडच्या, म्हणजे आमच्या मराठवाड्याच्याच. तरीही कुणी बाई मुलांसाठी लिहिते म्हटलं की लोक कौतुकानं विचारतात, "छान! मोठ्यांसाठी कधी लिहिणार?" लहान मुलांच्या डॉक्टरला "मोठी माणसं कधी तपासणार?" असं विचारायची कुणाची छाती होत नाही. आणि चित्रं काढणारीला तर एवढंही कुणी विचारत नाही. तिचं नाव असतं आतल्या पानावर, किंमत आणि मुद्रकाच्या पत्त्याच्या शेजारी, मुंगीच्या अक्षरात.

माझा खरा लोभ निराळाच आहे: आमच्या गावच्या गोष्टीच्या चित्रपुस्तकाचा. समुद्रापासून इतक्या लांब, मोसंबीच्या मुलखात, आमच्या अंबडला माशाच्या आकाराचा डोंगर आहे आणि त्यावर मत्स्योदरी देवी बसली आहे. नवरात्रात जत्रा भरते तेव्हा पाळणे, फुगे, पिपाण्या, जिलेबी आणि हरवलेली पोरं, सगळं एका नजरेत मावतं. कोरड्या रानात येऊन पडलेल्या माशाचं पुढं काय झालं, हे कोणत्याही पाच वर्षांच्या मुलाला विचारा. तो उभ्या उभ्या सांगेल. ती गोष्ट लिहून तिची चित्रं काढणारी अंबडची एखादी पोरगी आत्ता कुठल्या तरी वर्गात गणिताच्या वहीच्या समासात मासे काढत असणार आणि त्यापायी बोलणी खात असणार.

तेव्हा तुमच्या घरात अशी पोरगी असेल तर तिच्या हातातला खडू काढून घेऊ नका. आणि यंदा जत्रेला निघालात तर फुग्याबरोबर एखादं चित्रपुस्तकही घ्या. दुकानदार इयत्ता विचारेल. तुम्ही त्याला विचारा, "चित्रं कुणी काढलीत?" दहा जणांनी विचारलं की अकराव्याच्या वेळी तो पान उघडून बघेल.