तीन देव, एक छत आणि गिऱ्हाईक नाही

ज्युपिटर, नेपच्यून आणि प्लूटो या तीन सख्ख्या भावांनी स्वर्ग, समुद्र आणि पाताळ यांची वाटणी चिठ्ठ्या टाकून उरकली, असे ग्रीक-रोमन पुराणकथा सांगते. मर्त्य वारसांना मात्र, ज्या घराच्या छतावर हेच तीन भाऊ रंगवलेले आहेत, तेवढ्या एका घरासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. रोममधील व्हिला ऑरोराचे गृहस्वामी २०१८ मध्ये निवर्तले, त्यांची पत्नी आणि आधीच्या विवाहाची मुले यांच्यात भाऊबंदकीला शोभेल असा तंटा जुंपला आणि न्यायालयाने वास्तू लिलावात काढली.

छत काराव्हाज्जोचे आहे. छायाप्रकाशाच्या तीव्र विरोधातून नाट्य उभे करणाऱ्या बरोक चित्रशैलीच्या या प्रवर्तकाने १५९७ च्या सुमारास कार्डिनल देल मोंते यांच्या किमयेच्या खोलीसाठी, म्हणजे हलक्या धातूचे सोने करू पाहणाऱ्या प्रयोगशाळेसाठी, ओल्या गिलाव्याच्या रूढ पद्धतीला फाटा देऊन गिलाव्यावर थेट तैलरंगात हे देव उभे केले. तिन्ही देवांना त्याने स्वतःचाच चेहरा दिला, असे अनेक अभ्यासक मानतात; त्यामुळे वाटणीत कोणा एका भावाला झुकते माप दिल्याचा आरोप निदान चित्रकारावर तरी करता येत नाही. कार्डिनलच्या भट्टीत सोने निघाले नाही, पण डोक्यावरच्या गिलाव्याने ती किमया साधली, कारण न्यायालयीन मूल्यांकनात एकट्या छताची किंमत ३१ कोटी युरो आणि सबंध वास्तूची ४७ कोटी १० लाख युरो ठरली.

हे छत सोलून नेता येत नाही, म्हणून देव हवे असणाऱ्याने घरही घ्यायचे, त्यातली, ग्वेर्चीनोने १६२१ मध्ये रंगवलेली ऑरोरा ही उषादेवताही घ्यायची आणि दुरुस्तीसाठी आणखी सुमारे १ कोटी १० लाख युरो बाजूला ठेवायचे. एवढे करूनही घर त्याचे होईलच असे नाही. संरक्षित वास्तू विकली गेली की त्याच किमतीला ती आधी स्वतः घेण्याचा, म्हणजे अग्रखरेदीचा, हक्क इटलीच्या सरकारला कायद्याने दिला आहे आणि तो बजावायला साठ दिवसांची मुदत आहे. सरकारनेच हा वारसा विकत घ्यावा, असे हजारो नागरिकांनी निवेदनावर सह्या करून सुचवले. पण हा हक्क वापरायचा तर आधी कोणीतरी बोली लावली पाहिजे. थोडक्यात, सरकारने गिऱ्हाइकाची वाट पाहायची, गिऱ्हाइकाने सरकारची आणि वारसांनी दोघांची, अशी ही सुबक व्यवस्था आहे.

१८ जानेवारी २०२२ रोजी पहिला लिलाव झाला, तेव्हा एकही बोली आली नाही. एप्रिलमध्ये किंमत वीस टक्क्यांनी उतरवूनही कोणी फिरकले नाही. जूनमध्ये ती पुन्हा उतरवली गेली, तरी बोलीचा रकाना कोराच राहिला.