सूट द्यायची तर दोघांना द्या

संकट आले की वीज विकणाऱ्यांना नियमांतून सूट मिळते. तिला माझा विरोध नाही. ती एकाच बाजूला मिळते, याला आहे.

२०२० आठवा. २५ मार्चला टाळेबंदी सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने वितरण कंपन्यांना मीटर रीडिंग थांबवून सरासरीवर बिले काढायची मुभा दिली. निर्णय योग्यच होता. मीटर रीडरलाही घरदार आहे. त्याच आठवड्यात केंद्राने वीजखरेदीसाठी कंपन्यांनी द्यायची हमी निम्म्यावर आणली. मे महिन्यात त्यांच्यासाठी ९० हजार कोटींची कर्जयोजनाही जाहीर झाली.

आता भिवंडीजवळच्या दापोड्यात या. इथे गोदामांच्या रांगा आहेत आणि जवळच शहरातले यंत्रमाग. लूम थांबले, कामगार गावाकडे चालत निघाले. उद्योग-व्यापाराच्या वीजबिलातल्या स्थिर आकाराला तीन बिलांपुरती स्थगिती मिळाली. स्थगितीच, माफी नव्हे. माग बंद असतानाचा आकारही मालकाच्या नावावर साचत गेला.

घरांचे हाल वेगळे झाले. थंडीच्या महिन्यांची सरासरी एप्रिल-मेच्या उकाड्याला लावली गेली. जूनमध्ये रीडिंग झाले आणि सगळा फरक एकदम बिलात आला. त्यात १ एप्रिलपासूनचे नवे दर. वीज वापरली होती, पैसे देणे लागत होते, हे मान्य. पण रोजंदारी बुडालेल्या माणसाने तीन महिन्यांचा फरक एका बिलात कुठून भरायचा? हप्त्यांची सोय झाली ती राज्यभर ओरड झाल्यावर.

भिवंडीत आणखी एक गुंता आहे. २६ जानेवारी २००७ पासून इथले वितरण फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवर पाहते. परवाना मात्र महावितरणचा. फ्रँचायझी नेमली तरी जबाबदारी परवानाधारकाचीच राहते, असे वीज कायदा २००३ स्पष्ट सांगतो. म्हणून सूट देणाऱ्या प्रत्येक आदेशात लिहिलेले असावे की कोणते काम कुणाला माफ झाले आणि ग्राहकाने दाद कुणाकडे मागायची.

याच कायद्याचे कलम ५७ सेवेत कसूर झाल्यास ग्राहकाला भरपाई देते. कलम ५६ थकबाकीदाराची वीज १५ दिवसांच्या नोटिशीनंतर तोडू देते. संकटात कंपनीची भरपाईची मुदत थांबवायची असेल, तर ग्राहकाची १५ दिवसांची मुदतही थांबली पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या ऊर्जा नियामकाने २७ मार्च २०२० रोजीच वीज विक्रेत्यांना बजावले होते : अडचणीतल्या घरांची आणि छोट्या व्यावसायिकांची वीज ३१ जुलैपर्यंत तोडू नका. तिथे ग्राहकाला ओरडावे लागले नाही.

मागणी साधी आहे. कंपनीला जितके महिने सूट, तितके महिने ग्राहकाला बिनव्याजी हप्ते. तोवर वीज तोडणे बंद. कुलूपबंद गाळ्याला सरासरी बिल नाही. आणि सूट कधी संपते, ती तारीख आदेशातच.

कामवारी नदीला पूर आला की भिवंडी पाण्याखाली जाते, हे दर पावसाळ्याचे भय आहे. पुढचे संकट सांगून येणार नाही. आयोगाने हा नियम आजच, शांत डोक्याने, विनियमांत लिहावा.