मायबाप प्रेक्षकांस आगामी हंगामाचे निवेदन

प्रति,
मायबाप रसिक प्रेक्षक,
मुक्काम : शक्यतो नाट्यगृहात, एरवी घरी सोफ्यावर.



मुंबईतल्या एका नाट्यसंस्थेने आपला अख्खा हंगाम आधीच जाहीर करायचे ठरवले आहे. तीन नाटके, सहा महिने आणि छापील तारखा! रविवारी सकाळी वर्तमानपत्रातली नाटकांची पाने चाळायची आणि मग जेवण उरकून निघायचे की ताणून द्यायची ते ठरवायचे, ही मायबापांची जुनी रीत. ती मोडण्याचा संस्थेचा विचार आहे. अर्थात नाट्यगृहाचे तारीखवाटप आणि नायिकेच्या मालिकेचे शूटिंग या दोन्ही दैवतांनी कौल दिला तरच.

हे परदेशी थेर आहे, असे मात्र मायबापांनी म्हणू नये. 1913 साली स्थापन झालेली गंधर्व नाटक मंडळी पडदे, पेटारे, साजिंदे आणि आचारी घेऊन गावोगाव मुक्काम टाकायची. बुधवार, शनिवार, रविवार हे खेळाचे वार. आज ‘सौभद्र’, परवा ‘मृच्छकटिक’, पुढे ‘स्वयंवर’. नट पगारी, बिऱ्हाड एकत्र, पंगतही एकच. त्यामुळे नाटक बदलले तरी माणसे तीच. आता निर्माता एकेक नाटक सुटे उभे करतो, नटाला प्रयोगागणिक ‘नाइट’ मिळते आणि उरलेला आठवडा तो छोट्या पडद्यावर कोणाचा तरी सोशिक जावई असतो. एका संस्थेची तीन नाटके एका हंगामात सहसा दिसत नाहीत, त्यामागे प्रतिभेच्या दुष्काळापेक्षा हा हिशेब मोठा आहे.

पहिले नाटक ‘एकच प्याला’. राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व मंडळींनी बडोद्याला ते रंगभूमीवर आणले. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची. ज्यांच्या शालूंची नक्कल घरोघरच्या बायका करत, ते बालगंधर्व यात नायिका सिंधू होऊन ठिगळाचे लुगडे नेसून उभे राहिले आणि तरीही लोकांनी नाटक डोक्यावर घेतले. मूळ नाटक पाच अंकी, पदे वेगळी आणि वन्समोअर त्याहून वेगळे. संस्थेने ते अडीच तासांत बसवले आहे, कारण आजच्या रसिकतेला शेवटची लोकल असते.

दुसरे, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. विजय तेंडुलकरांचे हे नाटक 1967 मध्ये ‘रंगायन’ने केले, सुलभा देशपांडे यांनी उभी केलेली नायिका बेणारे तेव्हापासून मापदंड होऊन बसली आहे. यातले गावगन्ना न्यायाधीश एका बाईच्या खासगी आयुष्याचा खेळता-खेळता चोथा करतात. ज्या मायबापांना नाटकात ‘काहीतरी हलकंफुलकं’ हवे असते, त्यांनी या तारखांना खुशाल लग्नाला जावे.

त्यांच्यासाठी तिसरे आहेच : बबन प्रभूंचा फार्स ‘झोपी गेलेला जागा झाला’. जुन्या नाटकाला आता कोण येतो, असे विचारणाऱ्यांना संस्था सुनील बर्वे यांच्या ‘सुबक’चा दाखला देते. त्यांनी 2010 च्या सुमारास ‘हर्बेरिअम’ उपक्रमात पाच जुनी नाटके काढली. हा फार्स त्यांतच होता, ‘हमिदाबाईची कोठी’ आणि ‘सूर्याची पिल्ले’सुद्धा. प्रत्येकाचे फक्त 25 प्रयोग, पुढे बंद. मायबाप अक्षरशः धावत आले. नाटक कायम मिळणार म्हटले की ‘बघू पुढच्या महिन्यात’, आणि बंद होणार म्हटले की रांग! हा स्वभाव ओळखूनच संस्थेने आपल्याही प्रयोगांची संख्या मुद्दाम तोकडी ठेवली आहे.

आता थोडे व्यवहाराचे. ‘नाटकात कोण आहे?’ हा प्रश्न तिकीट खिडकीवर जरूर विचारावा; ‘नाटक कोणाचं आहे?’ असे विचारणाऱ्याला मात्र व्यवस्थापक चहा पाजतील. पासाबद्दल विचारणा करणाऱ्या मायबापांनी त्याच दिवशी हॉटेलातही पास मागून पाहावा आणि अनुभव कळवावा. मोबाइलबाबत संस्था हात जोडते. 2019 मध्ये सुमीत राघवन यांनी नाशिकला ‘नॉक नॉक सेलिब्रिटी’चा प्रयोग मोबाइलच्या घंटेपायीच मध्येच थांबवला होता. बेणारेच्या शेवटच्या स्वगतात कोणाच्या खिशातून आरती सुरू झाली, तर आमची नटी थांबणार नाही, पण पहिल्या रांगेकडे रोखून बघेल. मध्यंतर पंधरा मिनिटांचे आहे. बटाटेवडा तेवढ्या वेळात संपतो. न संपल्यास तो बाहेरच संपवावा, कागदी पिशवीचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

तिन्ही नाटकांचे एकत्र तिकीट काढणाऱ्यास सवलत आहे. एकेका नाटकाचे काढले तरी चालेल, मात्र प्रयोगाच्या दिवशी नव्हे, आधी काढावे. बाल्कनी उघडायची की बंद ठेवायची, हे संस्थेला त्यावरूनच ठरवायचे आहे.

कळावे, लोभ असावा,
व्यवस्थापक