दुखणं वैजापूरला, औषध लंकेला

लढाईतून सावरणाऱ्या गरीब देशाने व्यापाराचं धोरण कसं सुधारावं, यावर जगातले जाणकार सल्ला द्यायला कधी कंटाळत नाहीत. निर्बंध अचानक लादू नका. बदल करायचा तर आधी सांगा. मुदत दिली तर ती पाळा. आपल्या शेजारच्या श्रीलंकेने असे सल्ले पोत्याने गोळा केले असतील. तिथे १९८३ साली पेटलेलं युद्ध मे २००९ मध्ये संपलं आणि लगोलग सल्लागारांचा हंगाम सुरू झाला.

वैजापूरला मामांच्या कांदाचाळीत बसून मी हा सल्ला मोठ्याने वाचला. मामा गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी काढत होते. सगळं ऐकून म्हणाले, "लिहिलंय झकास. पण पत्ता चुकला. हे टपाल आपल्या तालुक्याचं आहे."

"मामा, आपल्याकडं कुठं युद्ध झालं?"

"मंग हे काय?" मामांनी तारेत ओवलेल्या हिशोबपट्ट्या पुढे केल्या आणि बखर सांगायला बसले.

पहिला हल्ला १९ ऑगस्ट २०२३ चा. कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क, मुदत ३१ डिसेंबर. तेवढ्याने गड पडेना, म्हणून ऑक्टोबरअखेर फर्मान निघालं: टनाला ८०० डॉलरच्या खाली कांदा परदेशी विकायचा नाही. तरीही कांदा शरण येईना. मग ७ डिसेंबरला सरळ बंदी, मुदत ३१ मार्च २०२४. मामांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेला गोल केला. तारीख यायच्या आठवडाभर आधीच बंदी 'पुढील आदेशापर्यंत' लांबली. कॅलेंडरात 'पुढील आदेश' नावाचा महिना नसल्याने मामांची पंचाईत झाली.

मे २०२४ मध्ये, लोकसभेच्या मतदानाचे टप्पे चालू असताना, बंदी उठली. पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क दारात उभंच. सप्टेंबरात विधानसभेचे वारे सुटले, तशी डॉलरची अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. शून्य झालं ते १ एप्रिल २०२५ ला. कांद्याला पाऊस लागतो असं कृषी खातं सांगतं. मामांच्या मते त्याला आचारसंहिता जास्त मानवते.

"गनिमी कावा आपणच जगाला शिकवला," मामा म्हणाले. "आता त्यालाच अधिसूचना म्हणतात."

सुधारणा झाल्याच नाहीत, असं मात्र कुणी म्हणू नये. १४ सप्टेंबर २०२० ला कांद्याची निर्यात बंद झाली आणि दुसऱ्याच दिवशी, १५ सप्टेंबरला, कांद्यासारख्या शेतमालाला साठ्याच्या बंधनातून मोकळं करणारं विधेयक लोकसभेत मंजूर झालं. म्हणजे सोमवारी पायात बेडी आणि मंगळवारी पळण्याच्या शर्यतीचा बिल्ला. पुढच्या महिन्यात साठ्यावर मर्यादा आली आणि पुढच्या वर्षी तो कायदाच मागे गेला. बेडी-बिल्ला दोन्ही जमा.

लंकेचं काय चाललंय, हे मामांना ऐकायचं होतं. मी सांगितलं, तिकडे मातले, दंबुल्ला भागात कांदा निघायला लागला की सरकार आयात कांद्यावरचा कर वाढवतं, त्यांचा शेतकरी मरू नये म्हणून. मामांनी गोल्टीची पाटी खाली ठेवली.

"म्हंजे तिकडं कर, आमचा कांदा येऊ नये म्हणून. इकडं कर, आमचा कांदा जाऊ नये म्हणून. कांद्यानं मधल्या समुद्रात उडी घ्यावी का?" जरा थांबून म्हणाले, "पण त्यांचा कर त्यांच्या शेतकऱ्यासाठी. आमचा कामून आमच्यावर?"

डिसेंबर २०२३ ची बंदी चालू असताना आपण लंकेसह सहा देशांना ९९,१५० टन कांदा द्यायला परवानगी दिली होती, हे मी मुद्दाम सांगितलं. मामांना शेजारधर्माचं कौतुक वाटलं. फक्त आपलं वैजापूर हे सातवं राष्ट्र का नाही, एवढं त्यांनी विचारलं.

शहरातल्या गरिबाला कांदा स्वस्त मिळावा, यावर मामांचा आक्षेप नाही. "मिळूच दे. पण ती स्वस्ताई सरकारनं आपल्या खिशातून करावी. जेवण त्यांचं, पत्रावळी त्यांच्या, आणि बिल आमच्या नावावर?"

वैजापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. सहापदरी रस्ता. त्यावर 'पुढे वळण आहे' अशा पाट्या असतात, कारण भरधाव गाडीला आधी सांगितलं नाही तर ती उलटते, हे रस्ता बांधणाऱ्याला ठाऊक आहे. धोरण आखणाऱ्यांनी एवढी एक पाटी लावली तरी पुरे.

उन्हाळ कांद्याचं रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकतात, डिसेंबर-जानेवारीत लावतात, मार्च-एप्रिलमध्ये काढतात आणि चाळीत ठेवून दिवाळीपर्यंत विकतात. निर्यातबंदी घालायचीच असेल, तर ती रोप टाकण्याआधी सांगा. मामा मग गहू पेरतील.