ओ फोटोवाले, आमचा कुठाय?

शनिवारी-रविवारी सकाळी शिवाजी पार्कात, आझाद मैदानात किंवा पुण्यातल्या कुठल्याही क्रिकेट अकादमीच्या जाळ्यांपाशी जा. सीमारेषेबाहेर एक तरुण उकिडवा बसलेला दिसेल. अंगात दहा खिशांचं जाकीट. त्यातले नऊ रिकामे आणि दहाव्यात बिस्किटांचा पुडा. टोपी उलटी, गुडघ्यांना माती, गळ्यात कॅमेरा. हा अंपायर नव्हे, स्कोअरर नव्हे, अजून कुणाचा बापही नव्हे. पोरांच्या खेळाचे फोटो काढून ते त्यांच्याच आईबापांना विकायचा धंदा त्याने नुकताच मांडलेला आहे. पोरं त्याला 'दादा' म्हणतात, कोच 'ए कॅमेरा' म्हणतात आणि पालक म्हणतात, 'ओ फोटोवाले'.

मुळात याला खेळाची आवड असते असं नाही. कॅमेरा लडाखच्या ट्रिपसाठी घेतलेला असतो. लडाख होतं, मग भिगवणचे फ्लेमिंगो होतात, मग शेजारच्या बाळाचं बारसं होतं. बारशात निदान पाकीट मिळतं, फ्लेमिंगो काहीच देत नाहीत, आणि तोवर ७०-३०० च्या लेन्सचा हप्ता सुरू झालेला असतो. अशा नाजूक वेळी एखादा मित्र सांगतो, "अरे, एकेका अकादमीत साठ-साठ पोरं असतात. प्रत्येकाच्या घरच्यांनी दोन-दोन फोटो घेतले तरी..." इथे तो मोबाइल काढून गुणाकार करतो. त्याच्या धंद्यातला तो सगळ्यात मोठा आकडा. त्यापुढे सगळी वजाबाकीच असते.

वजाबाकी पहिल्या दहा मिनिटांत सुरू होते. हातात डबा आणि पाण्याची बाटली घेतलेली एक आई समोर येऊन उभी राहते. "तुम्ही कोण? मुलांचे फोटो कशासाठी काढताय?" प्रश्न रास्त असतो. अनोळखी माणूस हातभर नळकांडं लावून दुसऱ्यांच्या पोरांवर रोखून बसला, तर कुणीही विचारणारच. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांची संमती हवी, असं २०२३ चा विदा संरक्षण कायदा सांगतो. तो त्या माउलीने वाचलेला नसतो, पण तिची नजर त्या कायद्याहून बरीच जुनी असते. फोटोवाला घाईघाईने सरांकडे धावतो. सर दिलदार असतात. "काढ की! फक्त अकादमीच्या फ्लेक्ससाठी आठ-दहा फोटो दे. आणि माझा एक, जरा बारीक दिसेन असा." म्हणजे विक्रीचा श्रीगणेशा फुकटाने होतो, तोही थोडी चरबी उतरवून. दुसऱ्या दिवशी तो गळ्यात ओळखपत्र घालून येतो. ते त्याने स्वतःच छापून लॅमिनेट केलेलं असतं.

आता प्रत्यक्ष फोटो. क्रिकेट हा फोटोसाठी फार लबाड खेळ आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाची छाती ऑफ साइडला असते, म्हणून आमचा गडी पॉइंटच्या बाजूला बैठक मारतो. सहा चेंडू मजेत जातात. षटक संपतं, टोक बदलतं आणि समोर येते पाठ. उठून पलीकडे पळत जावं तर तोवर पुढचं षटक संपत आलेलं असतं. त्यात एक डावखुरा आला की सगळं गणित उलटं. बरं, तोंड समोर आलं तरी दिसतं कुठे? हेल्मेटच्या जाळीमागे दोन डोळे आणि खाली थोडी हनुवटी. क्षेत्ररक्षकांना हेल्मेट नसतं, पण टोपी असते, आणि अकरानंतरचं ऊन त्या टोपीच्या सावलीत नाकापर्यंतचा चेहरा गडप करतं.

आझाद मैदानात तर परीक्षाच. तिथे २२ खेळपट्ट्या. एका सामन्याचा फाइन लेग दुसऱ्या सामन्याच्या मिड-ऑनशेजारी उभा राहून त्याच्याशी गप्पा मारत असतो. सगळे पांढऱ्या कपड्यांत. आमचा फोटोवाला चार षटकं एका चपळ पोरावर कॅमेरा लावून बसतो, त्याचे दोन सुंदर झेल टिपतो आणि मग कळतं की पोरगं पलीकडच्या सामन्यातलं आहे. त्याचे आईवडील कोण, हे शोधत तो तीन तंबू पालथे घालतो. सापडतात तेव्हा ते म्हणतात, "आमच्याकडे आमचा फोटोवाला आहे."

तरी तो रोज येतो, कारण या मैदानांना इतिहास आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन पोरांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली, ती इथेच, आझाद मैदानात. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला प्रणव धनावडेने शाळेच्या सामन्यात एकट्याने नाबाद १००९ धावा काढल्या. असा एखादा दिवस आपल्या लेन्ससमोर उगवेल, सगळ्या वर्तमानपत्रांचे फोन येतील, अशी आशा धरून फोटोवाला बॅटरी चार्ज करून झोपतो. सकाळी संघ ४७ वर बाद होतो. त्यात अवांतर १९.

संध्याकाळी दुकान मांडलं जातं. घडीचं टेबल, त्यावर लॅपटॉप आणि ऊन लागू नये म्हणून वर धरलेली काळी छत्री. छत्रीखाली एकावेळी तीन डोकी मावतात, घुसतात सात.

"आमचा कुठाय?"

"तुमचा कुठला, ताई?"

"तो नाही का, पॅड बांधलेला."

"पॅड सगळ्यांनीच..."

"अहो, सावळासा, जरा उंच. चालतो अगदी त्याच्या काकासारखा."

काकांना कधी न पाहिलेला फोटोवाला बाण दाबत फोटो पुढे सरकवत राहतो. ताई दोन बोटांनी लॅपटॉपचा पडदा मोठा करू पाहतात. पडद्यावर फक्त बोटांचे ठसे उमटतात. मग एका फोटोवर सगळेच थबकतात. चेंडू हवेत, धूळ उडालेली, यष्टिरक्षक आडवा झेपावलेला. कॅमेऱ्यात पुन्हापुन्हा बघून फोटोवाल्याने दिवसभर ज्याच्या जोरावर धीर धरला, तो हा फोटो. ताई चष्मा पुसून बघतात आणि म्हणतात, "यात आमचा नाहीये." सात डोकी एकदम मागे सरतात.

हा पहिला धडा. फोटो चांगला असणं आणि फोटो खपणं यांची अजून गाठ पडलेली नाही.

दुसरा धडा त्रिफळ्याचा. मधला स्टंप कोलांटी खातोय, बेल्स हवेत, असा फोटो म्हणजे खेळाच्या फोटोग्राफीतला दागिना. गोलंदाजाचा बाप तो पाहताक्षणी मोठ्या आकारात मागवतो. त्याच वेळी मागून फलंदाजाचा बाप येतो. "हा डिलीट करा." नवशिका असेल तर इथे गडबडतो. मुरत चाललेला असेल तर शांतपणे चार फोटो मागे जातो. कॅमेरा सेकंदाला आठ फोटो घेत असतो, आणि त्रिफळा उडण्याआधी अर्धा सेकंद कुठलाही फलंदाज देखणाच दिसतो. डावा पाय पुढे, कोपर वर, नजर खाली, बॅट सरळ. चेंडू चौकटीत नाही. डावीकडून थोडं कापलं की स्टंपही नाहीत.

"ही घ्या. कव्हर ड्राइव्ह."

बाप बराच वेळ बघतो. त्याचा आवाज मऊ होतो. "बारा बाय अठरामध्ये किती पडतील?" तो फोटो दिवाणखान्यात लागतो. पाहुणे विचारतात, चेंडू कुठे गेला? बाप सांगतो, सीमापार. पोरगा तेवढ्यात पाणी प्यायला आत जातो.

इथून पुढे फोटोवाला मैदानाकडे कमी आणि मैदानाच्या कडेला जास्त बघू लागतो. गिऱ्हाईक तिथेच बसलेलं असतं, आणि त्याच्या जाती ठरलेल्या असतात. एक खुर्ची घरून आणणारा बाप. त्याला फोटो आठवणीसाठी नको असतो, पुरावा म्हणून हवा असतो. "हे बघ तुझं डोकं! पडलंय की नाही? मी तेच ओरडत होतो!" हा वाईटातले वाईट फोटो पूर्ण पैसे मोजून घेतो, याला जपावं. दुसरा, संघातल्या चमकत्या ताऱ्याचा बाप. हा एक फोटो विकत घेत नाही. त्याच्या मते त्याच्या मुलाचा फोटो काढायला मिळणं हेच फोटोवाल्याचं मानधन. "उद्या तो रणजी खेळला की हेच फोटो तुम्हाला लाखो देतील." तिसऱ्या, नातवाला न्यायला आलेल्या आजी. त्यांना बॅट, बॉल, झेल कशाशी देणंघेणं नसतं. पोरगं बाकावर बसून वडापाव खातंय, गालाला चटणी लागलीय, असा फोटो दाखवला की कमरेचा बटवा तिथल्या तिथे सुटतो. आजी घासाघीस करत नाहीत आणि रोख देतात.

बाकीच्यांशी हिशेबाची बोलणी निराळी. "फोटो तर काढून झालाय ना? मग आता पैसे कशाचे?" या प्रश्नावर त्याला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही. "प्रिंट नको हो, नुसती सॉफ्ट कॉपी द्या", म्हणजे फुकट द्या. "नमुना पाठवा, घरी दाखवून सांगते", म्हणजे कायमचा पाठवा. तो नमुना पाठवतो, वर आडवं स्वतःचं नाव टाकून. दुसऱ्या दिवशी तोच नमुना आईच्या डीपीवर झळकतो, त्याचं नाव पोराच्या नाकावरून गेलेलं. मग तो नाव कोपऱ्यात नेतो, तर कोपरा कापला जातो. कायदा तसा पूर्ण त्याच्या बाजूने आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा स्वामित्वहक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर आणखी ६० वर्षं टिकतो. म्हणजे त्याची नातवंडं या फोटोवर हक्क सांगू शकतील. त्याला स्वतःला मात्र पन्नास रुपये "संध्याकाळी जीपे करते" या आश्वासनावर सोडावे लागतात, आणि संध्याकाळ कुठल्या तारखेची हे ताई सांगत नाहीत.

पावसाळ्यात मैदानं बंद झाली की तो बॅडमिंटनच्या हॉलमध्ये शिरतो. तिथे फ्लॅशला बंदी, कारण फुलाकडे बघणाऱ्या पोराच्या डोळ्यांवर ऐन वेळी उजेड मारणं म्हणजे गुण घालवणं. हॉलचे दिवे त्याच्या लेन्सला पुरत नाहीत. एफ २.८ ची लेन्स हवी, आणि तिच्या किमतीत दुचाकी येते. मग आयएसओ वाढवावा लागतो आणि स्मॅश मारणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर वाळू पसरते. "हिला गोवर आलाय का?" एक आजोबा विचारतात. तिथून तो शिवाजी पार्कातल्या समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब टिपायला जातो. प्रकाश छान, अंगं लवचिक, फोटो अप्रतिम, पण पोरगा डोकं खाली पाय वर. आई मोबाइल उलटा करते, मोबाइलमधला फोटोही फिरून पुन्हा उलटा होतो. शेवटी ती स्वतःची मान वाकडी करून लेकाला ओळखते आणि म्हणते, "सरळ उभा असलेला नाही का एखादा?"

हंगाम सरता सरता फोटोवाला बदललेला असतो. धावफलकाकडे तो बघत नाही. सामन्याआधी सरांकडून खेळाडूंची यादी घेतो आणि नावांपुढे धावसंख्येऐवजी "आजी येते", "बाबा दुबईला", "आत्या ठाण्याची" अशा नोंदी करतो. नवव्या क्रमांकावर खेळणारा, बारावा गडी म्हणून पाणी नेणारा, लाँग लेगला फुलपाखराकडे बघत उभा राहणारा, यांच्यावर त्याचा खास डोळा असतो. यांचा फोटो दुसरं कुणी काढत नाही, आणि यांच्या घरी तो हवा असतो. खेळ बघायला आलेल्यांना फोटो लागत नाही. येऊ न शकलेल्यांना लागतो. एवढं उमगायला त्याला अख्खा हंगाम आणि लेन्सचे बरेच हप्ते मोजावे लागतात.

मग एका रविवारी संघाचा सलामीवीर शतक ठोकतो. सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवतं. पोरगा हेल्मेट काढून बॅट उंचावतो. चेहरा स्वच्छ, ऊन अगदी हवं तसं. फोटोवाला त्याच्याकडे पाठ करून तंबूमागे पालथा पडलेला असतो. तिथे राखीव यष्टिरक्षक एका पायावर उभा राहून दातांनी ग्लोव्हचा पट्टा ओढत असतो.

"ओ फोटोवाले, शतक झालं! काढलात ना?" ताऱ्याचे वडील धावत येतात.

"नाही काका. याच्या ठाण्याच्या आत्यांनी ॲडव्हान्स दिलाय."