चावी आधी चालवणाऱ्याच्या हातात द्या

पहिली मोटारसायकल घेणाऱ्याला शोरूममध्ये बरंच काही मिळतं. पेढा मिळतो, गाडीला हार मिळतो, पुठ्ठ्याची हातभर लांब चावी धरून फोटोही मिळतो. गाडी कशी आहे आणि कशी चालवायची, हे मात्र कोणी सांगत नाही. माझी तक्रार ही आहे. ती लहान आहे असं मला बऱ्याच जणांनी सांगून पाहिलं, पण मला ती लहान वाटत नाही.

सुरुवात लायसन्सपासूनच होते. चारचाकी शिकवणाऱ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाट्या पुण्यात चौकाचौकात आहेत. गिअरची मोटारसायकल शिकवा म्हटलं की तेच लोक म्हणतात, "ती घरीच शिकून या, टेस्टच्या दिवशी बघू." शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, तो मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. त्या तीस दिवसांत शिकवायचं कोणी, याची कोणालाच फिकीर नाही. नियम म्हणतो की शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसवायचं नाही. ठीक आहे, पण मोटारसायकलवर मागे बसलेल्याच्या हाताशी ना ब्रेक असतो ना क्लच. तो फक्त ओरडू शकतो. मग भाऊ, मामा, शेजारचा दादा यांच्यापैकी ज्याला रविवारी सकाळी वेळ असेल तो मैदानात शिकवतो, आणि त्याला जेवढं येतं तेवढंच आपल्याला येतं. पुढचा ब्रेक वापरू नकोस, पडशील, हा सल्ला मला अशाच मायेने मिळाला. गाडी थांबवण्याचं निम्म्याहून जास्त काम पुढचा ब्रेक करतो. ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून तिथेच पकड जास्त असते. हे मला शिकवायला कोणी नव्हतं, वाचून कळलं.

गाडी मीच घेणार होते, पैसे माझे होते, लायसन्स माझं होतं. भाऊ सोबत आला होता तो शनिवारची सुट्टी म्हणून. विक्री करणाऱ्या मुलाने पहिल्या मिनिटापासून सगळं त्यालाच विचारलं. "दादा, लोन करायचंय का? दादा, कलर कोणता?" भावाने दोनदा माझ्याकडे बोट दाखवलं, तेव्हा माझ्याकडे वळून तो म्हणाला, "ताई, तुमच्यासाठी स्कूटर बघू या ना. ही जड जाईल." मला जड जाईल की नाही हे ठरवायची सोपी रीत आहे: गाडी स्टँडवरून काढायची, मला सीटवर बसू द्यायचं, आणि माझे पाय जमिनीला किती टेकतात ते बघायचं. सीटची उंची मिलिमीटरमध्ये माहितीपत्रकात छापलेली असते. चालवणाऱ्याचा पाय मात्र कोणी मोजत नाही, कारण बाई मोटारसायकल घेते आहे यातच त्यांचं सगळं लक्ष संपतं.

मग कोटेशन येतं. एक्स-शोरूम किंमत, आरटीओचा कर, विमा या ओळी कळतात. त्याखाली हँडलिंग चार्जेस असतात. कशाचं हँडलिंग, असं विचारलं तर "मॅडम, ते सगळ्यांनाच आहे" एवढंच उत्तर मिळतं. गाडी गोडाऊनमधून शोरूमपर्यंत आणणं हा विकणाऱ्याचा धंदा आहे, त्याचे पैसे मी वेगळे का द्यायचे? विम्याचंही तेच. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे, आणि ते योग्यच आहे. पण तो शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही, हे मी म्हटल्यावर मुलगा आत साहेबांना विचारायला गेला. बाहेर आल्यावर पुन्हा भावाशी बोलला.

अ‍ॅक्सेसरीजच्या यादीपुढे पेनाने 'कंपल्सरी' असं लिहिलेलं होतं. सीट कव्हर, ग्रिप कव्हर, लेग गार्ड, कोटिंग आणि साडी गार्ड. यातली शेवटची वस्तू बघून मला खरोखर राग आला. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारी सोय, धरायला हँडल आणि पाय ठेवायला फूटरेस्ट, यांच्याशिवाय दोघांच्या बैठकीची मोटारसायकल बनवायचीच नाही, असं १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३वा नियम सांगतो. पदर आणि ओढण्या चाकात जाऊन बायकांचे जीव गेले आहेत. ती वस्तू सीट कव्हरच्या शेजारी, सुट्या किमतीला विकायला ठेवणं मला मान्य नाही.

हेल्मेटबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचं आहे. दुचाकी विकताना उत्पादकाने मानकात बसणारं हेल्मेट द्यायचं, हे याच नियमावलीच्या १३८व्या नियमात आहे. आमच्याकडे ते "मॅडम, हेल्मेट आमच्याकडून फ्री" असं सांगून, उपकार केल्यासारखं दिलं जातं. बरं, दिलं तर दिलं. पण ते पोत्यातून काढतात आणि हाताला येईल ते देतात. मी साइझ विचारली. "फ्री साइझ आहे, सगळ्यांना बसतं." डोक्याला फ्री साइझ नसते. भुवयांच्या वरून कपाळाभोवती टेप फिरवली की घेर कळतो. माझा पंचावन्न सेंटिमीटर भरतो, आणि हातात दिलेल्या हेल्मेटच्या आतल्या चिठ्ठीवर साठ लिहिलेलं होतं. पट्टा आवळून मान हलवली की ते मागून पुढे सरकत डोळ्यांवर येत होतं. मागून उचललं तर पट्टा लावलेला असतानाच हनुवटीवरून निघून हातात आलं. तसंच ते पडतानाही निघेल. बरोबर मापाचं हेल्मेट नवं असताना गालांना चेपतं, आणि हलवलं की कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलते. तेवढं बघायला अर्धं मिनिट पुरतं. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, आणि त्यांतली जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरची होती. हा आकडा केंद्र सरकारच्या अहवालातला आहे. तो माहीत असलेल्या धंद्यात हेल्मेट पोत्यातून वाटलं जातं, याची मला चीड आहे.

गाडी दसऱ्याला मिळाली. मुहूर्ताच्या दिवशी शोरूमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. एकामागून एक गाडी, स्वस्तिक, नारळ, चाकाखाली लिंबू, फोटो, पुढची गाडी. पूजेला माझा विरोध नाही. मी स्वतः हळदकुंकू घेऊन गेले होते. पण पूजेला दहा मिनिटं मिळाली आणि गाडी समजावून सांगायला एक वाक्य मिळालं. ते असं: "सेल्फ आहे, पेट्रोल टाकून घ्या." पेट्रोल टाकणं भागच होतं, कारण लाखाच्या वर पैसे मोजलेल्या गाडीत फक्त जवळच्या पंपापर्यंत पोचेल एवढंच पेट्रोल होतं.

सांगायला हवं होतं ते हे. नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो, म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणावर गाडी जास्त झुकवायची नाही आणि ब्रेक करकचून मारायचा नाही. ब्रेकचे पॅडही अजून बसलेले नसतात, त्यामुळे गाडी थोडी उशिरा थांबते. एबीएसचा पिवळा दिवा चावी फिरवल्यावर लागतो, आणि गाडी थोडी पुढे गेली की विझतो. विझला नाही तर परत यायचं. साइड स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडतं, तो बिघाड नाही. चेन किती सैल असावी आणि तेल कधी द्यावं. हवा पुढे किती, मागे किती. एवढं सांगायला पंधरा मिनिटं लागतात. "सगळं पुस्तकात आहे," असं मला सांगण्यात आलं. पुस्तक सीटखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं होतं आणि इंग्रजीत होतं. मला इंग्रजी वाचता येतं, म्हणून माझं भागलं. त्या दिवशी माझ्या पुढे ज्यांची पूजा झाली ते काका मंचरजवळून आले होते, दूध घालायला गाडी घेत होते. त्यांना ते पुस्तक कोण वाचून दाखवणार? महाराष्ट्रात विकलेल्या गाडीबरोबर मराठी पुस्तक मिळायलाच हवं.

हवेचं तर पुढे रोजचंच झालं. पंपावरच्या मुलाला मी म्हटलं, "पुढे पंचवीस, मागे अठ्ठावीस." त्याने मान डोलावली, पुढच्या टायरला नळी लावली, यंत्राचा आकडा पस्तीसवर होता तो तसाच राहू दिला, आणि टुंग वाजल्यावर नळी काढून मागे लावली. "अरे, पंचवीस म्हटलं ना?" "ताई, सगळ्यांना एवढीच भरतो. कमी भरली तर पंक्चर होते." टायर प्रमाणाबाहेर फुगला की रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना नेमका तेवढाच भाग आपल्याला धरून ठेवत असतो. मी त्याच्यासमोर बसून दोन्ही टायरांतली हवा सोडली आणि पुन्हा भरून घेतली. मागे रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. त्या मुलावर माझा राग नाही, त्याला कोणी शिकवलेलंच नाही. पंपमालकाने यंत्राशेजारी चार ओळींचा तक्ता लावला असता तरी पुरे झालं असतं.

रस्त्यावर आल्यावर मात्र सांगणाऱ्यांची कमी नसते. समोरून येणारा दर दुसरा माणूस हाताची बोटं उघडमीट करून दाखवतो: लाइट चालू आहे. एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकीचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागतो आणि तो बंद करायचं बटणच नसतं, कारण दिवसाही गाडी लांबून दिसावी. इतकी वर्षं झाली तरी बोटं थांबलेली नाहीत. जुन्या चालकाला त्याचं काही वाटत नाही, पण नवा चालक बटण शोधायला खाली बघतो आणि त्याची रस्त्यावरची नजर हटते. कृपा करून हे थांबवा. "ताई, स्टँड!" असं ओरडणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. ते ऐकू आलं की मी दर वेळी हात वर करून आभार मानते. स्टँड वर न घेता चाललेल्या जुन्या गाड्या रस्त्यावर अजून भरपूर आहेत, आणि वळणावर तो स्टँड टेकला की माणूस पडतो.

गतिरोधकाबद्दल थोडक्यात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, आणि त्यावर पट्टे असतात. आमच्या गल्लीतला वीतभर रुंद आहे, त्याला रंग नाही, आणि तो झाडाच्या सावलीत आहे. नगरसेवकांना सांगून झालं, वॉर्ड ऑफिसात अर्ज देऊन झाला. अर्जाची पोच माझ्याकडे आहे.

आणि नातेवाईक. गाडी दारात आल्यापासून आलेल्या प्रत्येकाने "अ‍ॅव्हरेज किती देते?" हे विचारलं. काकांनी विचारलं, दूधवाल्याने विचारलं, सोसायटीच्या वॉचमननेही विचारलं. थांबते कशी, हे फक्त माझ्या आज्जीने विचारलं. नऊवारी नेसून ती मागे बसणार होती, म्हणून तिने गार्डला हात लावून तो हलतो का तेही पाहिलं.

पहिली सर्व्हिसिंग फ्री असते, असं कूपनवर लिहिलेलं असतं. फ्री फक्त मजुरी असते. ऑइल, फिल्टर आणि किरकोळ सामानाचं बिल होतं. ते द्यायला माझी हरकत नाही, पण आधी सांगा. त्या दिवशी मी क्लचची लिव्हर माझ्या बोटांना लांब पडते हे सांगितलं. मेकॅनिकने केबल सैल-घट्ट करून, मला दाबून बघायला लावून, नीट बसवून दिली. पाच मिनिटं लागली. हे काम गाडी देतानाच व्हायला हवं होतं.

गुढीपाडव्याला माझी मैत्रीण गाडी घेणार आहे. तिच्याबरोबर मी जाणार आहे, टेप आणि हवेचा गेज घेऊन. डिलिव्हरी मुहूर्ताच्या आदल्या दिवशी, गर्दी नसताना द्यायला आम्ही शोरूमला लेखी कळवलं आहे. हेल्मेट मोजून, टायर तपासून, ती बसेल तशी लिव्हर लावून मगच सही होईल. पूजा पाडव्याला घरी करू.